ताण घालवायचा की कामाला लावायचा? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेज रोडच्या अभ्यासिकांतली मुलं, सातपूर-अंबडचे कामगार, निफाड-दिंडोरीचे बागायतदार आणि या सगळ्यांच्या घरची माणसं समुपदेशनाला येतात, तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक एकच असतं: "टेन्शन घालवायचं काहीतरी सांगा." त्यानंतर जे प्रश्न निघतात ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे घाईने सांगितलं तर नुकसान होतं, म्हणून लांबू दिली.

ताण स्वीकारायचा म्हणजे काय? मुकाट सहन करायचं का?

नाही. सहन करणारा माणूस बाहेरून गप्प असतो आणि आतल्या आत ताणाशी भांडत असतो. त्यात दमणूक दुप्पट होते. एक कामाची आणि दुसरी "मला टेन्शन यायलाच नको होतं" या विचाराची. स्वीकारलं की ही दुसरी दमणूक थांबते.

त्यासाठी ताण जाणवला की त्याचं पूर्ण वाक्य करा. "टेन्शन आलंय" एवढ्यावर सोडू नका. "उद्या मुलाखत आहे, मला ताण आलाय, कारण मला ही नोकरी हवी आहे आणि आईला आता आराम द्यायचा आहे." असं सबंध म्हणा, जमलं तर लिहून काढा. शेजारच्या मुलाचा निकाल लागायचा असतो तेव्हा आपण निवांत जेवतो. आपल्याला ताण येतो तो जिथे जीव गुंतलाय तिथेच. हे एकदा दिसलं की "हे कधी जाईल?" हा प्रश्न मागे पडतो आणि "यासाठी आत्ता मी काय करू?" हा पुढे येतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ आलिया क्रम यांनी सहकाऱ्यांबरोबर ताणाविषयीच्या धारणांवरचं संशोधन 2013 मध्ये प्रसिद्ध केलं. त्या शिकवतात तो क्रमही असाच आहे: आधी ताण आहे हे मान्य करायचं, मग त्याच्यामागे आपल्याला मोलाचं काय आहे ते ओळखून त्याला आत येऊ द्यायचं आणि त्याने दिलेला जोर त्याच गोष्टीसाठी वापरायचा. यातली मधली पायरी लोक गाळतात. मान्य करतात आणि थेट कामाला जुंपून घेतात. मग तो नुसता रेटा राहतो, त्यातून उभारी मिळत नाही.

हात गार पडतात, छाती धडधडते, पोटात गोळा येतो. हे सगळं चांगलं कसं असू शकेल?

शरीराच्या बाजूने बघू. मेंदूला काहीतरी महत्त्वाचं समोर आहे असं वाटलं की काही सेकंदांत मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन सुटतं. हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, यकृत साखर रक्तात सोडतं आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. कातडीकडे रक्त कमी गेलं म्हणून हात गार. पचनाचं काम तात्पुरतं मागे पडलं म्हणून पोटात गोळा. कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक जरा सावकाश, काही मिनिटांत वाढतं आणि ही तयारी टिकवून धरतं.

वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्ये 'लढा किंवा पळा' या रूपात याचं वर्णन केलं. हॅन्स सेल्ये यांनी 1936 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की त्रास कुठल्याही प्रकारचा असला तरी शरीर ठरावीक पद्धतीनेच उत्तर देतं आणि त्रास फार लांबला तर थकून कोलमडतं. ताण म्हणजे आजार हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं ते बरंचसं या दुसऱ्या भागामुळे. पहिला भाग, म्हणजे शरीर आपल्याला कामासाठी तयार करतं हा, बोलण्यात येतच नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. छातीत दुखणं, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, दरदरून घाम येऊन गुदमरणं याला "टेन्शनमुळे होतंय" म्हणून घरी बसू नका. आधी ईसीजी काढा.

मुलगी बारावीला आहे. "शांत हो" म्हटलं की आणखी चिडते. मग म्हणायचं तरी काय?

तिचं चिडणं बरोबर आहे. धडधडत्या छातीने एकदम शांत होणं ही फार लांबची उडी आहे. आपण तिला न जमणारी गोष्ट सांगतो आणि ती जमली नाही म्हणून तिचा ताण वाढतो.

हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये यावर काही प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात अनोळखी लोकांसमोर गाणं म्हणायचं होतं आणि सूर-ताल किती अचूक लागतात हे यंत्राने मोजायचं होतं. त्याआधी काहींना "मला चिंता वाटतेय" असं म्हणायला लावलं, काहींना "मला उत्सुकता वाटतेय" असं. उत्सुकतेवाल्यांची अचूकता सुमारे 80 टक्के आली, चिंतावाल्यांची 53 टक्क्यांच्या आसपास. भाषण आणि गणित यांतही उत्सुकतेचा फायदा दिसला. चिंता आणि उत्सुकता या दोन्हींत अंग सारखंच जागं असतं. म्हणून एकीतून दुसरीत जाणं सोपं, शांततेत जाणं अवघड.

तेव्हा मुलीला म्हणा, "धडधडतंय ना? बरं आहे. अंग तयार झालंय तुझं." आणि तिथेच थांबा. पुढे मार्कांचा विषय काढू नका. बाबांनीही दारातून "पेपर सोपा असेल गं" असं म्हणू नये. अवघड निघाला की ती पहिल्याच प्रश्नाला खचते.

ही सगळी मनाची समजूत नाही का?

समजूत आहे, पण तिचा परिणाम शरीरावर आणि कामावर मोजता येतो. जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये अमेरिकेतल्या उच्चशिक्षणाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. निम्म्या मुलांना सराव चाचणीआधी एवढंच सांगितलं की परीक्षेच्या वेळी अंगात होणारी खळबळ वाईट नसते, उलट मदत करू शकते. त्यांना गणितात जास्त गुण मिळाले. पुढे खऱ्या परीक्षेतही त्यांचं गणित सरस राहिलं. नंतरच्या अभ्यासांत रक्ताभिसरणातही फरक दिसला. संकट आलंय असं वाटलं की रक्तवाहिन्या आवळतात. हे पेलू शकेन असं वाटलं की हृदय जोरात चालतं, पण वाहिन्या मोकळ्या राहतात.

याच विषयावर इंटरनेटवर एक गोष्ट फार फिरते: "ताण वाईट आहे असं मानलं तर माणूस लवकर मरतो." त्यामागचा अभ्यास खरा आहे. अमेरिकेतल्या 1998 च्या पाहणीतल्या सुमारे 29,000 प्रौढांचा पुढची आठ वर्षं माग काढला. खूप ताण आहे आणि तो आपल्या तब्येतीला घातक आहे असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्यात अकाली मृत्यूचा धोका 43 टक्के जास्त निघाला. पण यातून मानण्यामुळेच मृत्यू आला असं सिद्ध होत नाही. आधीच आजारी असलेल्या माणसाला ताण घातक वाटणं स्वाभाविक आहे. म्हणून हा आकडा ऐकवून कुणाला घाबरवू नका. ताणाची भीती कमी करायला निघालो आणि ताणाला घाबरण्याचीच भीती घातली, असं व्हायला नको.

पेपरच्या आधीची दहा मिनिटं कशी घालवू?

शिकागोच्या सायन बायलॉक आणि हेरार्दो रामिरेझ यांचा 2011 चा अभ्यास इथे थेट उपयोगी पडतो. परीक्षेच्या तोंडावर मुलांनी दहा मिनिटं आपल्याला काय वाटतंय ते मोकळेपणाने कागदावर लिहिलं. ज्यांना परीक्षेची धास्ती जास्त होती त्यांचे गुण लक्षणीय सुधारले. डोक्यात घोळणारी चिंता हिशेब करण्याची जागा अडवून बसते. कागदावर उतरली की ती जागा मोकळी होते.

सिडकोतली एक मुलगी हे करते. केंद्राबाहेर कट्ट्यावर बसून ती जुन्या हॉल तिकिटाच्या झेरॉक्सच्या मागच्या बाजूला लिहिते. पहिल्या ओळी नेहमी वेड्यावाकड्या, अक्षर वाचता येत नाही असं. "सेंद्रियचं काहीच आठवत नाहीये. प्राचीला सगळं येतं. दादाने फी भरलीये." पाचव्या-सहाव्या ओळीपासून अक्षर सरळ व्हायला लागतं. शेवटी ती एकच वाक्य लिहिते: आधी कुठला विभाग सोडवणार ते. कागदाची घडी घालून बॅगेत टाकते आणि बॅग बाहेर ठेवून आत जाते. आजूबाजूला बाकीची मुलं एकमेकांना प्रश्न विचारून घाबरवत असतात तेव्हा हे करायला हिंमत लागते, आणि ती सरावानेच येते. म्हणून चाचणी परीक्षांपासून सुरू करा.

पोलीस भरतीला 1600 मीटरच्या आधी मळमळतं, कधी उलटी होते. मी या कामाचाच नाही का?

मळमळण्यावरून ते ठरत नाही. पचन मागे पडल्यामुळे असं होतं. धावण्याच्या दोन-तीन तास आधी हलकं खा, शेवटच्या तासात घोटघोट पाणी प्या. रांगेत उभं राहून अंग आखडतं, म्हणून जागच्या जागी हलत राहा. आणि सराव एकट्याने करू नका. महिन्यातून दोनदा तरी मैदानावर इतर मुलांसोबत, शिट्टी आणि घड्याळ लावून धावा. अंगाला तो क्षण ओळखीचा झाला की मळमळ बरीच कमी होते. तरीही दर वेळी होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

माझी द्राक्षबाग आहे. आभाळ आलं की रात्रभर डोळा लागत नाही. पाऊस माझ्या हातात नाही, मग या ताणाचा उपयोग काय?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण "सकारात्मक राहा" हे उत्तर इथे अपमानासारखं लागतं. फुलोऱ्यात पाऊस झाला तर डावणी हा बुरशीचा रोग आणि घडकुज. साखर भरल्यावर झाला तर मणी तडकतात. निफाडला पारा उतरला की बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. ही भीती कल्पनेतली नाही, वर्षभराचा पैसा तिथे टांगलेला असतो.

तरी त्या रात्री नेमकं काय चाललेलं असतं ते बघा. हवामानाचं अ‍ॅप उघडायचं, बंद करायचं, अंगणात जाऊन आभाळ बघायचं, पुन्हा अ‍ॅप. अंगात कामाचा जोर आलेला असतो आणि त्याला काम मिळत नाही. त्याला काम द्या. ट्रॅक्टरमध्ये डिझेल आहे का, ब्लोअरची नोझलं साफ आहेत का, फवारणीचं औषध घरात आहे की पहाटे पिंपळगावला पळावं लागेल, ड्रायव्हरला सांगून ठेवलंय का, बागेत पाणी साचू नये म्हणून चरी मोकळ्या आहेत का. हे हातावेगळं केलं की पाऊस थांबल्यावर पहिला तास वाया जात नाही. मग अ‍ॅप किती वेळा बघायचं तेही ठरवा: झोपताना एकदा आणि पहाटे उठल्यावर एकदा.

एवढं करूनही जो ताण उरतो तो बहुतेकदा पावसाचा नसतो, कर्जाचा असतो. दोन्ही एकत्र मिसळू देऊ नका. कर्जाच्या ताणाला द्यायचं काम वेगळं आहे: हप्ता थकण्याच्या आधी बँकेत किंवा सोसायटीत जाऊन बोलणं, विमा असेल तर नुकसानीची सूचना मुदतीत देणं, आणि सगळ्यात आधी घरात बायकोला आणि मोठ्या मुलांना खरा आकडा सांगणं. शेवटचं काम पुरुषांना सगळ्यात जड जातं. पण आकडा एकट्याच्या डोक्यात राहिला की तो रात्री वाढत जातो.

ताण उपयोगी असेल, तर तो कायम ठेवला तर जास्त फायदा नाही का?

सटाणा, देवळा, मालेगावकडचा डाळिंब उत्पादक याचं उत्तर जाणतो. बहार धरायचा, म्हणजे सगळी फुलं-फळं एकाच हंगामात घ्यायची, तर तो बागेचं पाणी तोडतो. झाड ताणावर जातं, पानं पिवळी पडून गळतात, काडीत अन्नसाठा होतो. मग छाटणी, खत आणि पाणी. पाणी मिळालं की नवी फूट आणि कळी एकदम निघते. ताणच दिला नाही तर फळं वर्षभर थोडी थोडी, विस्कळीत लागतात. पण ताण किती द्यायचा हे जमीन बघून ठरतं. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात. आणि पाणी सोडायला उशीर केला तर झाडच वाळायला लागतं. डाळिंबाच्या बागेत पाणी सोडण्याची तारीख ताण देतानाच डोक्यात असते. आपण माणसं ती ठरवायला विसरतो.

2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे 4,800 किलोमीटरची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या गटात पूर्ण केली. दोघांच्या गटाची शर्यत आळीपाळीने चालते. एक सायकलवर असतो तेव्हा दुसऱ्याने विसावा घ्यायचा. तिथे विश्रांती हा शर्यतीचा भाग आहे. जो ती घेत नाही तो पुढच्या पाळीत मागे पडतो.

तुमच्यासाठी याचा अर्थ: पेपरांच्या काळात झोपेचे तास ठरवा आणि तेही अभ्यासाइतकेच पाळा. ऑडिटचा आठवडा संपला की शनिवारची संध्याकाळ रिकामी ठेवा. पांडवलेणी चढून या, गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर चाला, घरच्यांबरोबर बसून सावकाश जेवा. मोबाइल बघत लोळणं यात धरू नका, त्याने डोकं रिकामं होत नाही.

सातपूरला कंपनीत आहे. साहेब म्हणतात, "प्रेशरशिवाय माणूस कामच करत नाही." बरोबर आहे का?

अर्धंच. यर्क्स आणि डॉडसन यांनी 1908 मध्ये उंदरांना सौम्य ते तीव्र विजेचे झटके देऊन प्रयोग केले. सोपं काम झटका वाढवल्यावर लवकर शिकलं गेलं. अवघड काम मात्र मध्यम झटक्यालाच सगळ्यात चांगलं जमलं, त्यापुढे बिघडत गेलं. म्हणजे खोकी भरण्याला घाई चालेल, पण मापाची चूक शोधण्याला ती घातक आहे.

रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये मांडलेली गोष्ट साहेबांना सांगण्यासारखी आहे. कामाची मागणी जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, असं जिथे असतं तिथे माणसं सर्वांत जास्त खचतात. तेवढंच काम, पण क्रम आणि पद्धत ठरवता आली, तर माणूस शिकतो आणि वाढतो. म्हणून साहेबांशी बोलताना "फार प्रेशर आहे" असं म्हणू नका. "आज ही तीन कामं आहेत, यांपैकी दोन पूर्ण होतील, आधी कुठली करू?" असं विचारा. निर्णय मागितला की संभाषण बदलतं. दर वेळी उत्तर "तिन्ही" असंच येत असेल, तर तो ताण तुमच्या मनातला नाही, कामाच्या वाटपातला आहे. तो स्वीकारायचा नाही. सहकाऱ्यांबरोबर, युनियनमार्फत, लेखी मांडायचा.

नोकरी, स्वयंपाक, सासऱ्यांचं आजारपण, मुलांचा अभ्यास, सगळं माझ्यावरच. मीही ताण स्वीकारायचा?

ताई, तुम्ही आधीच फार स्वीकारलेलं आहे. तुम्हाला ताण वापरण्याचं तंत्र शिकवण्याआधी घरातल्या इतरांना काम वाटून घ्यायला शिकवावं लागेल. एका माणसावर चौघांचं ओझं असेल तर दृष्टी बदलून ते हलकं होत नाही. घरातल्या कामांची यादी करून सगळ्यांसमोर ठेवा, नावं टाका. धुसफूस होईल, ती होऊ द्या. आणि घरात मारहाण, धमक्या, पैसे काढून घेणं असं काही असेल तर तो स्वीकारण्याचा विषयच नाही. महिलांसाठीचा 181 हा क्रमांक आहे, फोन करा.

मग श्वासाचे व्यायाम, प्राणायाम सोडून द्यायचे?

सोडू नका, वेळ बघून करा. मुलाखतीला आत जाताना अंगातला जोर हवा असतो. रात्री झोपताना तो नको असतो. एक सोपा प्रकार: नाकाने श्वास घ्या, त्यावरच आणखी एक छोटा श्वास, आणि मग तोंडाने सावकाश, लांब सोडा. स्टॅनफर्डमधल्या 2023 च्या अभ्यासात रोज पाच मिनिटं, महिनाभर असं करणाऱ्यांची मनःस्थिती सुधारलेली दिसली.

अभ्यासिकेत रात्री अकराला चहा चालतो का?

चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. अकराच्या चहाचा अर्धा अंमल पहाटे चारला तुमच्या अंगात असतो. शेवटचा चहा संध्याकाळी घ्या.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा भूक गेली असेल, आवडीच्या कशातच मन लागत नसेल, कारण नसताना रडू येत असेल, ताण विसरायला दारू लागत असेल, कामावर किंवा कॉलेजात जाणं बंद झालं असेल, तर ताण कामाला लावण्याचे प्रयोग थांबवा आणि उपचार घ्या. हा आजार असू शकतो आणि तो बरा होतो. इच्छाशक्तीची परीक्षा म्हणून त्याकडे बघू नका.

जगणं नकोसं वाटतंय असं मनात आलं, किंवा घरातलं कुणी तसं बोललं, तर उद्यावर टाकू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. तिथे चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं. अशा माणसाला एकटं सोडू नका. कीटकनाशकाचे डबे आणि गोळ्या कुलपात ठेवा. शेतकरी घरांत हे अगोदर करा, मग बाकीचं बोलणं.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. जाताना घरचं एक माणूस सोबत घ्या आणि आधीपासून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा, बीपी-शुगरच्यासुद्धा.